शांता सिस्टरच्या दोन सुऱ्या

शांता सिस्टर रोज संध्याकाळी चहाचा कप पालथा घालायच्या आणि त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी घासायच्या. मग वर्तमानपत्राचा कागद एका हातात धरून त्यावरून सुरी अलगद सोडायच्या. कागद आवाज न करता दुभंगला की सुरी पुसून ओट्यावर उजव्या हाताला, धार भिंतीकडे करून ठेवायच्या. आवाज आला तर पुन्हा कप.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती गारखेड्यात खोली शोधताना. मी करमाडची, घरातली पहिली बीए, शहरातल्या शाळेत नुकतीच लागलेली. एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. सिस्टरनी नाव विचारलं, गाव विचारलं, जात विचारली नाही, आणि एक टोमॅटो पुढे केला. "चीर." मी विळीवर शिकलेली. माझ्या हातून टोमॅटोचा चेंदा झाला. त्या म्हणाल्या, "दाबतीस कशाला? तिचं काम तिला करू दे की. उद्या सामान घेऊन ये."

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सिस्टर जालन्याला शाळेत होत्या. पुढे नर्स झाल्या आणि सगळी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात काढली. लग्न केलं नाही. रविवारी चर्चला जायच्या, येताना भाजी आणायच्या. त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंत त्यांची कडी वाजवणारी मी एकटीच. एकदा भाजीबाजारात एक बाई त्यांच्या अंगावरून सरळ निघून गेली. सिस्टर म्हणाल्या, "हिच्या पोटाच्या ऑपरेशनला मी उभी होते." मी चिडले, तर मलाच म्हणाल्या, "बरा झालेला माणूस दवाखान्यातली तोंडं विसरतो. विसरलाच पाहिजे." हे त्या हसून म्हणाल्या. पण घरी रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि कोणता कार्यक्रम लागलाय ते विचारलं, तर त्यांना सांगता यायचं नाही.

पहिल्या पगारात मी औरंगपुऱ्यातून त्यांच्यासाठी लाल मुठीची, दात्यांची सुरी आणली. तेव्हा ती नवलाची वस्तू वाटायची. धार लावायची कटकट नाही, असं दुकानदार म्हणाला होता. सिस्टरनी त्या सुरीनं पाव कापून पाहिला, मग टोमॅटो. "पावाला बरी आहे. बाकी ही कापत नाय शोभे, कुरतडते." टोमॅटोची कड त्यांनी मला उजेडात धरून दाखवली. "माणसाचंही असंच असतं. सरळ काप असला की कडेला कड लागते, लवकर भरतं. फाटलेलं असलं की पेशंट पण जागा आणि सिस्टर पण जागी." सुरी पावाच्या डब्यात गेली. मला वाईट वाटलं नाही. मला बीएडचा फॉर्म भरायला लावणारी, परीक्षेच्या दिवसांत माझा डबा करून देणारी तीच बाई होती.

चौथ्या वर्षी एका सकाळी त्या म्हणाल्या, "ती तुझी लाल सुरी काढ गं." तेव्हापासून भाजी त्याच सुरीनं होऊ लागली. कप पालथा पडेना. त्यांच्या बोटाला चिकटपट्टी दिसली, आठवडाभरानं दुसऱ्या बोटाला. एकदा मी दारात उभी राहून पाहिलं. चिरण्याआधी त्या पात्यावरून बोट फिरवून दाते चाचपत होत्या.

मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलं, मधलं धुरकट. साध्या सुरीची धार कुठली अन् पाठ कुठली, हे बोटाला कळेपर्यंत बोट गेलेलं असतं. ही बया आधी चावून सांगते, मी इकडं आहे म्हणून."

"सुनीलदादांना कळवू का?"

"अजिबात नाय."

सुनील त्यांचा भाचा, नाशिकला असायचा. आत्यावर त्याचा जीव होता, आणि तेच सिस्टरना भीतीचं होतं. तुला जड जायला लागलं की त्याच दिवशी घराला कुलूप, असं तो दर भेटीत सांगून जायचा. सिस्टर म्हणायच्या, "तिथं मला कुणी चहासुद्धा करू देणार नाय. इथं निदान माझा मला करता येतो."

नाताळात सुनील आणि त्याची बायको रीना येणार होते. मी म्हटलं, दात्यांचीच वापरा, आवडली म्हणून सांगा.

"लहानपणापासून त्यानं माझ्या हातात साधी बघितलीय. दुसरी दिसली की विचारंल. मला त्याच्याशी खोटं बोलवत नाय."

"आणि न सांगणं?"

"ते नर्सला चालतं."

त्यांनी साधी सुरी काढली, कप पालथा घातला, आणि चार दिवस काकड्यांवर सराव केला. पाहुणे आले तेव्हा ताटलीतल्या चकत्या कागदासारख्या होत्या. सुनील म्हणाला, "आत्या, तुझा हात अजून थिएटरातलाच आहे." सिस्टर शाळेतल्या मुलीसारख्या लाजल्या.

जेवणानंतर रीनानं त्यांना उठू दिलं नाही. भांडी घासली, ओटा धुतला, सगळं आपल्या हातानं लावून ठेवलं. सुरीही जागेवर ठेवली, फक्त धार बाहेरच्या बाजूला. निघताना त्यांना पपई कापून द्यावी म्हणून सिस्टर उठल्या आणि नेहमीसारखा सुरीवर हात टाकला.

तळहात चिरला गेला. त्यांनीच दाबून धरला. "शोभे, धुतलेलं फडकं. घाबरू नको, सरळ गेलीय." रीना रडत म्हणाली, "मी तर समोरच ठेवली होती." सुनीलनं सुरीकडे पाहिलं. मग आत्याच्या चेहऱ्याच्या बाजूनं त्यानं हळूच आपला हात हलवला. सिस्टरच्या नजरेत काही हललं नाही.

"टाके निघाले की न्यायला येतो," एवढंच तो जाताना म्हणाला.

जखम फार चांगली भरली. टाके निघाले त्या दिवशी सिस्टर तळहातावरून बोट फिरवत म्हणाल्या, "त्या तुझ्या सुरीनं कापलं असतं ना, तर मी महिनाभर तरी अजून इथं राहिले असते." मला हसता आलं नाही.

सीताफळाच्या दिवसांत मी नाशिकला गेले. घर मोठं होतं, माणसं मायेची होती. सिस्टरपुढे फळं सोलून, फोडी करून येत. त्यांच्या बोटांवर एकही चिकटपट्टी नव्हती. रेडिओ नव्हता, दुपारी घर झोपलेलं असतं म्हणून. मी पिशवीतून दौलताबादची सीताफळं काढली. रीना चमचा घेऊन पुढे झाली. "राहू दे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एक पिकलेलं फळ दोन्ही हातांत धरलं, अंगठ्यांनी दाबलं आणि उकललं. मी तेवढ्यात खिडकीशी गेले होते. त्यांनी अर्धं फळ माझ्या रिकाम्या खुर्चीपुढे धरलं. "घे शोभे."

मी आवाज न करता परत आले, खुर्चीवर बसले आणि ते त्यांच्या हातातून घेतलं.