ओटीतले दहा पैसे

नाणं आधी बघायचं, मग मोजायचं, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. ते पोस्टात काउंटरवर बसायचे. लग्न होऊन मी कोल्हापुरात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घरी आले, तेव्हा अंगावर सोनं बेताचंच होतं, पण ही खोड पक्की होती. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. नवरा गिरणी चालवायचा आणि दळण तोलून पैसे घ्यायचं काम माझ्याकडे होतं. गल्ल्यातली चिल्लर पिठानं पांढरी झालेली असे. फुंकर मारायची, साल बघायचं, सालाखालची टाकसाळीची खूण बघायची. चौकोनी ठिपका म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नसलं तर कलकत्ता. बहुतेक सगळी नाणी परत गल्ल्यातच जायची.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, हे बघवत नसे. "धा पैसं म्हंजे धा पैसं. त्यात निरखायचं काय हाय?" असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे.

मला बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायची होती. अर्धं शिक्षण माहेरी झालं होतं, अर्धं लग्नानं अडवलं होतं. मामंजींना फीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "तू बी.ए. झालीस म्हून दळण बारीक हुणार हाय व्हय?" गल्ल्यातला पैसा गिरणीचा. नवरा वडिलांपुढे बोलायचा नाही. माहेरी हात पसरायचा नाही हे मी ठरवलं होतं. पण परीक्षा द्यायची, हेही ठरवलं होतं.

अशात एका दुपारी दहा पैशांचं एक विचित्र नाणं गल्ल्यात आलं. काठ नागमोडी, सगळा शाबूत, पण छाप एका बाजूला सरकलेला. सिंहांची तोंडं अर्धी कापलेली आणि समोर नखाएवढी जागा कोरी. मामंजी म्हणाले, "खोटं हाय, टाकून दे." मी मात्र भाजीतून वाचवलेले दहा पैसे गल्ल्यात टाकले आणि ते नाणं माझ्या डब्यात ठेवलं. कुणी ठोकून बिघडवलेलं नाणं वेगळं आणि टाकसाळीतच चुकलेलं वेगळं. हे चुकलेलं होतं, याची मला खात्री होती.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात जुनी नाणी घेणारे एक गृहस्थ बसायचे. त्यांना दाखवायला म्हणून मी डबा उघडला, तर नाणं नाही. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "परवा धाकटी भन आलती न्हवं कागलची? तिची ओटी भरली. सुट्टं पैसं न्हवतं, तुझ्या डब्यातलं घेतलं. नाणं काय, नावाला लागतंय."

"आत्याबाई, ते परत मागून आणा की."

"खुळी का काय तू? ओटीतलं परत मागायचं नसतंय."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. खण, नारळ आणि तांदूळ पिशवीत घातले, मावशींची, म्हणजे सासूबाईंच्या त्या बहिणीची, ओटी भरायला जाते असं घरात सांगितलं आणि कागलची एसटी पकडली. ओटी भरली की परतीची ओटी मिळते. ओटीचे खण जसे या घरातून त्या घरात फिरतात, तसं नाणंही फिरेल, असा माझा हिशेब होता.

मावशींनी माझी ओटी भरली खरी. त्यात नाणं पडलं ते अगदी धडधाकट. मग मी लाज सोडून त्या नाण्याबद्दल विचारलं. मावशींचा चेहरा उतरला.

"ते खोटं हाय हे तुला ठावं हुतं तर! किराणा दुकानात गेलतो, त्यानं घेतलं न्हाय. कंडक्टरनं परत दिलं. सख्ख्या भनीनं ओटीत खोटं नाणं घातलं म्हून दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय."

मी सगळं सांगितलं: नाण्याची चूक, माझी परीक्षा, मामंजींचा नकार. त्यांनी हळदीच्या डबीतून नाणं काढलं आणि चिंच लावून घासायला निघाल्या. मी हात धरला. घासलं की नाण्याची किंमत गेली. त्यांनी नाणं मुठीत मिटलं.

"एवढ्या मोलाचं हाय व्हय? मग ते माझं. ओटीत पडलं ते माझं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. "तुमचंच आहे," मी म्हटलं, "पण त्याची किंमत तुम्हाला कळणार नाही. उद्या कोल्हापुरात या आणि माझ्याबरोबर चला."

त्या आल्या. नाण्यावर हळद तशीच होती. बोळातल्या गृहस्थांनी मऊ ब्रशनं ती झाडली, भिंग लावलं आणि म्हणाले, "कुणीतरी ठोकलंय. वीस रुपये."

"ठोकलं असतं तर एक बाजू चेपली असती," मी म्हटलं. "दोन्हीकडचा छाप सारखाच सरकलाय. आणि धड नाण्याबरोबर तोला. छाप घासून उडवला असेल तर हलकं भरेल."

त्यांनी तोललं. वजन सारखं भरलं. तीस म्हणाले, चाळीस म्हणाले. मी नाणं उचलून पिशवीत टाकायला लागले, तेव्हा साठावर आले. मला फीला तेवढेच हवे होते, हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. नोटा मावशींच्या हातात पडल्या.

रस्त्यावर आल्यावर मावशी थांबल्या. "आधी माझ्या ओटीचं धा पैसं दे. चालणारं."

मी दिले. त्यांनी ते कनवटीला लावले.

"आता पदर पसर."

भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, त्यांनी त्या सगळ्या नोटा माझ्या पदरात घातल्या आणि पर्समधून हळदीची डबी काढून माझ्या कपाळाला बोट लावलं.

घरी मामंजींना बातमी आधीच पोचली होती. त्यांनी हात पुढे केला. "गिरणीतलं नाणं हुतं. गल्ल्यात टाक."

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. इतक्या वर्षांत मामंजींच्या बोलण्यात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. थापायचं न थांबवता त्या म्हणाल्या, "ओटीतलं परत मागायचं नसतंय."

मामंजींनी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मी फी भरून आले आणि मगच गिरणीत जाऊन बसले.