टाकीचं धुवण

आमच्या शहरातल्या शंभर वर्षं जुन्या बिअर कारखान्यात मामांनी घोट घेऊन मान डोलावल्याशिवाय बाटल्या भरत नसत. हे काम त्यांना आजोबा-वडिलांकडून मिळालं, अक्कल मात्र मिळाली नाही. तरी नाकाने कांदे सोलायचे, "चव रक्तात असावी लागते, भाचेबुवा!"

मी टाक्या धुणारा. शताब्दीच्या पुस्तकासाठी फोटोवाला आला, त्या दिवशी टाकीच्या पिवळट धुवणाचा ग्लास मी चुकून नमुन्यांच्या टेबलावर विसरलो. मामांनी नेमका तोच उचलला, डोळे मिटून घोट जिभेवर घोळवला.

"अगदी आजोबांच्या वेळची चव!"

मालकांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मामा धुवण पिताना दिसतात. खाली छापलंय, 'आमची चव ओळखणारी तिसरी पिढी.'