साड्यांच्या जलशातला शालू

कोतवालीतली ती दुपार मी विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

इंग्रजांच्या राज्यात पोलिसात बाई म्हणजे माझ्यासारखी. बनारसच्या कोतवालीत बायकांची झडती घ्यायची, त्यांची जबानी चालू असताना शेजारी बसायचं, हवालातीत बाई असेल तर तिला हवं-नको बघायचं. शिक्षण चौथीपर्यंत. रामघाटावरच्या दक्षिणी घरातली विधवा पोलिसात जाते म्हणून लोक बोलत. बोलणाऱ्यांपैकी कोणी मला जेवायला घालत नव्हतं.

लढाईचे दिवस होते. जखमी शिपायांच्या मदतीसाठी एका बड्या साहेबाच्या मडमेने साड्यांचा जलसा ठरवला. घाटावरच्या एका हवेलीत तख्त जोडून लांब वाट करायची, कॉलेजातल्या मुलींनी बनारसी साड्या नेसून तिच्यावरून चालायचं आणि तिकीट काढून आलेल्या बायकांनी बघायचं. आता याला फॅशन शो म्हणतात. मडम राबली, हे मान्य करते. कोणत्या साडीनंतर कोणती, दिवे कुठे, सतार केव्हा थांबायची, सगळं तिने बसवलं. तालमीला मुली घरच्या साध्या साड्या नेसून चालत. मडम सांगे, मान वर करा. मुलींना जन्मभर मान खाली घालायला शिकवलेलं. त्या वर बघायच्या आणि तख्ताच्या सांध्यात अडखळायच्या.

नेसवायचं काम मदनपुऱ्यातल्या एका मुसलमान दरजिणीकडे होतं. नवरा गेलेला, दोन मुली पदरात. तिने लावलेला पदर पळतानाही सरकत नसे. सगळ्यात शेवटी यायचा होता एका शास्त्रीबुवांच्या घरचा जुना नऊवारी शालू. शास्त्रीबुवांच्या बायकोने तो हौसेने दिला होता. जलशाच्या दोन दिवस आधी, तालीम चालू असताना, तो हवेलीतल्या साड्यांच्या पेटीतून नाहीसा झाला.

शास्त्रीबुवांनी फिर्याद दिली. पेटीजवळ वावर दरजिणीचा, म्हणून दरजिणीला रात्रीच हवालातीत बसवलं. मी झडती घेतली. ओढणीच्या टोकाला टाचण्या आणि खडूचा तुकडा, बाकी काही नाही. सकाळी जबानी सुरू झाली तेव्हा ती कोतवाल साहेबांना म्हणाली, "शालू नेला असता तर मी पळाले असते. उद्याच्या पोलक्यांना हुक लावत बसले असते का?"

साहेब म्हणाले, चोर असंच बोलतात. बोलतात खरे. तसे बोलणारे चोर मीही पाहिले होते.

मग एका नावाड्याने खबर आणली. आदल्या दिवशी हवेलीच्या घाटावरून एक म्हातारी गाठोडं घेऊन त्याच्या नावेत बसली आणि रामघाटावर उतरली. साहेबांना वाटलं, तपास लागला. दरजिणीने माल म्हातारीकडे दिला. ते तिला म्हणाले, म्हातारीचं नाव सांग, नाहीतर संध्याकाळी कोर्टात चलान. चोरीचं चलान गेलं की साड्यांचे कोठीवाले व्यापारी तिला पुन्हा सुई धरू देणार नव्हते. हे ती जाणून होती. नाव माहीतच नाही तर सांगणार काय?

मी नावाड्याला बाजूला घेऊन विचारलं, म्हातारी बसली होती कशी? तो म्हणाला, "गाठोडं खाली ठेवलंच नाही. दोन्ही हातांवर उचलून धरलेलं. उतरताना मी हात द्यायला गेलो तर खेकसली, शिवू नकोस म्हणून."

चोरीचा माल माणूस पदराखाली दडपतो, असा वर धरत नाही. असं धरतात ते सोवळं. शास्त्रीबुवांचं घर रामघाटावरच, आणि दोन दिवसांवर गौरी आल्या होत्या.

साहेब कायस्थ, त्यांना आमच्या गौरी काय ठाऊक. मी समजावलं. ते म्हणाले, बाई, झडती तुमची, तपास आमचा. मग चलानाचा कागद बाजूला सारून म्हणाले, "जा. चलान संध्याकाळपर्यंत थांबवतो." एवढं ऐकून घ्यायची त्यांना काही गरज नव्हती. त्यांचे उपकार मी आजही मानते.

शास्त्रीबुवांच्या घरी मी मागच्या दाराने गेले. तिथे त्यांची आत्या डाळ निवडत होती. बालविधवा, अंगावर आलवण, केस काढलेले. अशा बाईकडे कोणी बघत नाही. हवेलीतही कोणी बघितलं नव्हतं.

"आत्याबाई, गौरीचा शालू कुठंय?"

"देवघरात. कुठे असणार?"

"तो हवेलीत होता ना?"

"होता. सूनबाईने दिला मिरवायला. गौरीची वस्तू, ती गौरीच्या घरी आणली."

"घरात सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. म्हातारीला धक्का बसेल म्हणून चोरीची गोष्ट घरातल्यांनी तिच्यापासून लपवली होती.

मी तिला सांगितलं की त्या शालूपायी मदनपुऱ्याची एक बाई रात्रीपासून हवालातीत आहे. तिने सूप खाली ठेवलं. भाच्याला विचारलं नाही, सुनेला हाक मारली नाही. जन्मात कधी कोतवालीच्या गल्लीत न शिरलेली बाई माझ्यापुढे चालायला लागली.

उंबऱ्यात उभी राहून ती साहेबांना म्हणाली, "शालू मी नेला. चोरी म्हणायची तर मला बसवा. तिला घरी जाऊ द्या."

साहेब खुर्चीवरून उठले. दरजिणीला सोडलं. दार अरुंद होतं. आत्याबाईंना विटाळ नको म्हणून दरजीण ओढणी आवळून भिंतीला चिकटली. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे गं. नीट जा."

शास्त्रीबुवांनी फिर्याद मागे घेतली. जलसा ठरल्या दिवशी झाला. शालू आत्याबाईंनी दिला नाही, मडमेने दोनदा माणूस धाडला तरी नाही. शेवटी साधी तनछोई साडी आली आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या. शालूवाचून जलशाचं काही अडलं नाही, दरजिणीवाचून अडलं असतं.

पुढे तपासात साहेब मला विचारू लागले आणि मी प्रत्येक घरात आधी मागच्या दाराने जाऊ लागले. घरातलं सगळं ठाऊक असलेलं माणूस बहुधा तिथेच बसलेलं असतं.

दरजीण दर ईदला मला शेवया पाठवायची. मी त्या कोतवालीच्या बाकावर बसून खायची. एकदा आत्याबाईंना हे सांगून टाकलं.

"मला चालायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "गोड असतात का?"

"खूप," मी म्हटलं.