अंगठ्यांचं मतदान

समोरचा माणूस बोलायला लागला की काकू चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या आणि म्हणायच्या, "कारण सांगा." दूध महाग झालं म्हणणाऱ्या भैयाला तेच, आणि मीठ बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही तेच.

हा बँकेचा परिणाम. नोकरीभर त्या परकीय चलन विभागात होत्या, आणि तिथे देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पैशाला कारण लागतं. जयपूरचे जवाहिरे आफ्रिकेतून कच्चा पन्ना मागवायचे, त्यांचे कागद काकूंच्या टेबलावरून जायचे. निवृत्त झाल्यावर चिपळूणला न जाता त्या जयपूरच्या मानसरोवर भागातच राहिल्या आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या. मी विमा कंपनीतला, बदलीवर आलेला. मराठी म्हणून मला त्यांच्याकडे बुधवारी मासे खायला मिळत आणि उरलेले दिवस बोलणी.

तुमच्याही सोसायटीत अशी एखादी बाई असेल. सगळे तिला वैतागतात, आणि पाण्याचा पंप बिघडला की तिचंच दार वाजवतात.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर म्विला भाड्याने राहायला आली. झांबियाची मुलगी, इथल्या कॉलेजात फार्मसी शिकणारी. लिफ्टमध्ये ती दिसली की लोक जिना चढू लागले, गुडघेदुखीवालेसुद्धा. मग महिनाअखेर तिला घर खाली करायला लावायचं, असा ठराव आला. याआधी दोन घरं तिला अशीच सोडावी लागली होती. हेही गेलं तर शिक्षण सोडून परत जाईन, असं तिने काकूंना सांगितलं होतं.

मी म्हटलं, "काकू, जाऊ द्या ना. उगाच सगळ्यांशी वाकडं येईल."

"अरे, मी पहिल्यांदा जयपूरला आले तेव्हा तिलक नगरात घरं बघत फिरले. एकटी बाई, त्यात मासे खाणारी. सगळे गोड हसून नाही म्हणाले. मतलब, एकानेही तोंडावर कारण सांगितलं नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे."

मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. अध्यक्ष शेठजी, पन्न्याचे मोठे व्यापारी. काकूंनी चष्मा खाली ओढला. "कारण बताइए."

कोणी म्हणालं, वास येतो. काकू म्हणाल्या, "मछली मेरे यहाँ भी बनती है. मुझे भी निकालिए." कोणी म्हणालं, आवाज होतो. म्विलाच्या खालीच राहणाऱ्या बाईंनी मान हलवली, त्यांना काही तो कधी ऐकू आला नव्हता. शेवटी शेठजी खाकरले. "बहनजी, सवाल देश का है. बाहर वालों को क्यों बसाएँ?"

"सेठजी, आपका पन्ना कहाँ का है?"

"जाम्बिया का," शेठजी सवयीने, अभिमानाने बोलून गेले. लोक हसले. ते सावरले. "धंधा अलग, घर अलग."

"यही तो सारी दुनिया कर रही है, सेठजी. पत्थर आए, तेल आए, मज़दूर आए, बस पड़ोसी न आए. हमारे बच्चों के साथ कोई बाहर ऐसा करे, तो आप ही अख़बार पटकते हैं."

आमच्या सोसायटीत बहुतेक लोक याच धंद्यातले, आणि बुध बलवान राहावा म्हणून जवळजवळ प्रत्येकाच्या करंगळीत पन्ना. काकूंनी टेबलावर स्टीलचं ताट ठेवलं आणि जाहीर केलं, ज्याला झांबियाची मुलगी नको, त्याने झांबियाचा पन्ना काढून या ताटात ठेवावा. तेच मत धरू. नको म्हणणाऱ्या ज्याच्याकडे अंगठी नाही, त्याने हात वर करावा.

बुधाची अंगठी ज्योतिषाला न विचारता काढली तर धंदा बसतो, हे जयपूरचं शेंबडं पोरही सांगेल. लोक करंगळ्या चाचपू लागले. एकाने आपला पन्ना कोलंबियाचा असल्याचं सांगून पाहिलं. "मैंने ही बेचा है," म्हणून शेठजींनीच त्याला खाली बसवलं. दोन हात वर गेले, त्यातला एक बायकोने खाली ओढला. ताट रिकामंच राहिलं. मग शेठजींना हसू फुटलं. "बहनजी, हमारी उँगलियाँ बख़्श दीजिए. लड़की यहीं रहेगी."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही.

यंदा हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. तिसऱ्या दिवशी दुःखाला बसायचा इथला रिवाज आहे, तीये की बैठक म्हणतात. ती पार्किंगमध्येच झाली. म्विला पांढरा कुर्ता घालून आली आणि खांबाजवळ उभी राहिली. चिपळूणहून आलेल्या काकूंच्या भाच्याने दबक्या आवाजात शेठजींना विचारलं, "ये कौन है?"

"हमारी सोसायटी की है," शेठजी म्हणाले, आणि उठून त्यांनी बायकांच्या पहिल्या रांगेत तिला जागा करून दिली.

गार वारा सुटला होता. शेठाणींनी आपल्या शालीची अर्धी बाजू मोकळी करून म्विलाच्या गुडघ्यांवर ओढली. दुःखाच्या बैठकीत असं वाटू नये, पण मला फार आनंद झाला. काकू जिंकल्या होत्या.