वगळलेली शाखा

मी एक नोंद लपवली होती. त्यासाठी मला एक ओळ पुरली, आणि ती ओळ मी चार वर्षे कुणाला कळू दिली नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावरील आमच्या घराण्याची वंशावळ मी २०१४पासून संगणकावर भरत होतो. गावोगावच्या शाळांतील मुलांची नावे घातल्या-काढल्याची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे पाहायची आणि नाव, वडिलांचे नाव, गाव टिपायचे. नाव टाकताच नोंद शोधून देणारा छोटा प्रोग्रामही मीच लिहिला होता. जातपडताळणीला पणजोबांचा पुरावा लागला की भाऊबंद माझ्याकडे येत.

पुढच्या वर्षी एका चुलत-चुलतभावाने कुलदेवीच्या देवळात पूर्वजांच्या नावांची पाटी बसवली. तीत माझ्या वडिलांचे नाव नव्हते. मी विचारले, तेव्हा सगळ्यांदेखत तो म्हणाला, "काका उधव्याला घरजावई गेले. घरजावयाचं नाव सासऱ्याच्या भिंतीवर शोधायचं." लोक हसले. मीही हसल्यासारखे केले. घरी येऊन प्रोग्राममध्ये लिहिले : शाखा चौथी असेल, तर नोंद दाखवू नये. चौथी शाखा त्याची. त्याची मुलगी अकरावीत होती; मला घाई नव्हती.

बारावीनंतर तो तिला घेऊन आला. नर्सिंगच्या राखीव जागेसाठी दाखला हवा होता आणि आमच्या गावच्या, वरोरच्या शाळेत तिच्या पणजोबांची नोंद नव्हती. ती नव्हतीच, ते आजोळी, तलासरीकडे शिकले होते आणि तिथली नोंद मीच टिपली होती. हे मला पाठ होते. मी चहा सांगितला आणि त्यांच्यासमोर नाव टाकले. नोंद आढळली नाही.

"काका, आडनाव न टाकता बघा ना एकदा," मुलगी म्हणाली. मी तसेही पाहिले.

"गावभरचे पूर्वज गोळा केलेस, आणि आमचाच सापडत नाही?" भाऊ म्हणाला.

"लिहिलेलंच सापडतं, दादा. पाटीवर काय, नि इथे काय."

त्याचा चेहरा पडला. त्या क्षणी मला सुख झाले. ते नाकारले तर आणखी एक लपवाछपवी होईल. मुदत संपली, जागा गेली. मुलीने डहाणूतच कॉलेज धरले, आणि मी मिठाई घेऊन चौकशीलाही जाऊन आलो.

२०१९मध्ये ती एकटी आली. वंशावळीचे काम पुढे चालवायचे आहे, प्रोग्राम शिकवा, म्हणाली. ती येण्याआधी ती ओळ पुसायला मी फाइल उघडली होती. बोट पुसण्याच्या बटणावर होते. पाटीवर वडिलांचे नाव अजूनही नव्हते आणि माझा रागही विझला नव्हता. पण तो राग तिच्यावर कधीच नव्हता. मी ओळ तशीच ठेवली.

ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली आणि थांबली.

"चौथी शाखा म्हणजे आम्ही ना, काका?"

"हो. नोंद होती, बाळ. तुझ्या बापावरचा सूड मी तुझ्यावर उगवला. चूक नव्हती ती, मी ठरवून केलं. मला क्षमा कर."