गाठीचं माप

माझ्या नोकरीत उत्साहाला जागा नाही. स्कॅनच्या मशीननं दिलेलं माप कितपत भरवशाचं, हे आम्ही आकडेमोडीनं तपासतो. एकाच माणसाला एकाच सकाळी दोनदा झोपवून गाठ मोजली, तरी दोन मापं जुळत नाहीत. म्हणून नुसत्या मोजण्यात केवढी तफावत पडते ते आधी ठरवायचं, आणि फरक तिच्यापुढं गेला तरच गाठ बदलली म्हणायचं. शिवाय मशीन बदलायचं नाही. निपाणीकडची माणसं एकदा बेळगाव गाठतात, पुढच्या वेळी कोल्हापूर, जिकडची गाडी आधी मिळेल तिकडं. त्यांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळत नाही आणि माझं डोकं फिरतं.

माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीला दिलेली. तिच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा मी बजावलं, दरवेळी बेळगावलाच यायचं, त्याच मशीनवर. तिनं ऐकलं. औषधं सुरू झाल्यावरच्या पहिल्या स्कॅनमध्ये गाठ जराशी लहान दिसली. आक्का पेढे घेऊनच माझ्या घरी आली.

"आक्का, एवढा फरक धरत न्हाईत," मी म्हटलं. "नुसतं मोजण्यातबी पडतोय तेवढा."

"जिभेला हाड हाय का न्हाय रं तुझ्या?" म्हणत तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. दारात चपला काढणाऱ्या शेजारणीलाही दिला.

पुढच्या स्कॅनला गाठ वाढलेली होती. रिपोर्ट मांडीवर ठेवून ती माझ्या स्वयंपाकघरात बसली.

"ते तू म्हणालतास न्हवं, एवढा फरक धरत न्हाईत? ते परत सांग की."

मी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. ही वाढ मोजण्यातल्या तफावतीच्या कितीतरी पुढं गेली होती.

"ह्यो धरतात गं, आक्का."

तिनं पदरानं माझेच डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "कोल्हापुरात एकदा बघूया काय रं? तितलं मशीन येगळं असतंय."

जे करू नका म्हणून मी लोकांवर ओरडत आलो, तेच ती मागत होती, आणि तिलाही ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. निपाणी मागं पडली. आक्का खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि मी, कोल्हापूरच्या मशीननं चुकावं म्हणून, मनातल्या मनात हात जोडत होतो.