सिस्टरांचा कान आणि बोक्याचा गळा

सिस्टरांच्या नाकावर राग कायमचाच, पण त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून परतताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, बोका असाच फुगत राहिला तर त्याचं हृदय फार दिवस साथ देणार नाही. दोन वेळचं मोजकं खाणं, मध्ये घासभरही नाही.

"चोरून कोण घालतं याला?" घरात पाऊल टाकताच त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं.

नवरा सरळ माणूस, त्यानं लगेच कबूल केलं. "अगं, पेपरवर फतकल मारून बसतो, वाचूच देत नाही. मग घालतो थोडं. पण तूही घालतेसच की!"

"मी त्याला खरी भूक लागली तरच घालते!"

यावर वाद घालायची सोय नव्हती. सिस्टरांचा उभा जन्म प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलेला. हे बाळ भुकेलंय, त्याचं पोट दुखतंय, ते नुसतं लाडात आलंय, हे त्या नुसतं रडणं ऐकून व्हरांड्यातूनच सांगत. आता निवृत्त झाल्या तरी कान तोच होता. बोका पायात घोटाळत घुरघुरायचा आणि त्या घुरघुरीत तान्ह्या बाळाचा बारीक, चिरका सूर असायचा. तो ऐकला की त्यांचे हात आपोआप डब्याकडे जात.

नवऱ्यानं परीक्षा म्हणून त्यांच्यादेखत बोक्याला पोटभर घातलं. बोक्यानं वाटी चाटूनपुसून लख्ख केली, मिशा साफ केल्या, साळसूदपणे सिस्टरांपाशी आला आणि अगदी तोच सूर लावला.

"अरे मेल्या!" सिस्टर कडाडल्या. "पोट भरल्यावर भुकेचं रडणारं एक पोर मी पाहिलं नाही! इतकी बाळं सांभाळली, एकानं कधी फसवलं नाही मला. आणि तू? माझ्याच घरात, माझ्याच कानाशी?"

त्यांनी त्याला उचलून बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दारापलीकडून तो सूर येतच राहिला, बारीक, चिरका, थेट काळजाला हात घालणारा. सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"भूक नाहीये त्याला," त्या म्हणाल्या. "चांगलं माहितेय मला."

"मग रडतेस कशाला?"

"लबाड आहे म्हणून!" डोळे पुसत त्या खेकसल्या, आणि नवरा कडीकडे हात नेतोय असं पाहून त्यांनी त्याच्या हातावर फटका मारला.